चायनाटाउन, व्हाया चाळीसगाव

महाराष्ट्रातली ऐतिहासिक चिनी वस्ती मुंबईत माझगावला आहे. हार्बर लाइनच्या डॉकयार्ड रोड स्टेशनात उतरून नवाब टँक रोडला लागले की ती सुरू होते, आणि पाहणारा सावध नसेल तर तिथेच संपतेही. तिच्यात आज एक देऊळ आहे, देवळाची काळजी घेणारी माणसे आहेत, आणि बाकी सगळा इतिहास आहे. नूडल्स नाहीत. देवपूरहून निघणाऱ्या पर्यटकाने ही शेवटची माहिती आधीच मनावर घेतली, तर पुढचा अर्धाअधिक मनस्ताप टळतो.

देवपूर म्हणजे धुळ्याचा पांझरेपलीकडचा भाग. नदीकाठी एकवीरा देवी, आत कॉलेजे, कॉलेजांभोवती क्लासेस आणि मधून गेलेला आग्रा रोड. या भागाचा चीनशी संबंध रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास सुरू होऊन रात्री अकराला संपतो, असा सर्वसाधारण समज आहे. त्या वेळेत रस्त्याच्या कडेला लाल गाडी लागते. गाडीवर ड्रॅगन काढलेला असतो. ड्रॅगन प्रत्यक्ष कुणीच पाहिलेला नसल्याने पेंटरने घोरपड, नाग आणि लग्नपत्रिकेवरचा मोर यांच्यात तडजोड केलेली असते. एकाच गाडीच्या तीन बाजूंना ‘चायनीज’ हा शब्द तीन प्रकारे लिहिलेला आढळतो आणि त्यांपैकी एक बरोबर असण्याची शक्यता बरीच असते. कढईखालची ज्योत हातभर उडाली की गिऱ्हाईक समाधान पावते. चिनी वस्ती कशी असेल याची देवपूरच्या पर्यटकाची कल्पना या गाडीवर पोसलेली असते: अशाच गाड्या, फक्त रांगेने लागलेल्या, आणि मागे उभे खरे चिनी. माझगावला ही कल्पना हप्त्याहप्त्याने मोडीत निघते.

वास्तविक देवपूरचा चीनशी संबंध या गाडीपेक्षा कितीतरी जुना आहे, आणि तो खाण्याचा नसून अफूचा आहे. हिंदुस्थानातली अफू चीनमध्ये खपवायची आणि त्या पैशाने तिथला चहा विकत घ्यायचा, असा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातला हिशेब होता. माळव्याची अफू कंपनीच्या ताब्याबाहेरच्या संस्थानांत पिके आणि आडवाटांनी दमणसारख्या बंदरांत जाऊन बोटीत चढे. ती अडवणे काही जमेना. तेव्हा १८३०-३१च्या सुमारास कंपनीने सरकारी शहाणपण दाखवले आणि जी गोष्ट थांबवता येत नाही तिच्यावर कर बसवला. पेटीमागे पावणेदोनशे रुपये भरा, परवाना घ्या, आणि उजळ माथ्याने मुंबईला न्या. इंदूरकडून मुंबईला जाणारी सरळ वाट सेंधव्याचा घाट उतरून खानदेशात येते आणि धुळ्यावरून पुढे जाते. म्हणजे आज जिथे सिंगल हाफ आणि डबल फुल असा पुकारा होतो, त्याच आग्र्याच्या वाटेने एकेकाळी चीनला जाणारा माल गेला. पुढे या व्यापारापायी इंग्रज आणि चीन यांच्यात १८३९ ते १८४२ असे पहिले युद्ध झाले. शाळेत ते इतिहासाच्या पुस्तकात येते. आपल्या घरावरून गेलेल्या रस्त्याचा त्यात हात आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. एका परीने ते बरेच आहे. आग्रा रोडवरचे खड्डे धरून तक्रारी आधीच पुष्कळ आहेत.

मुंबईत या मालाचे सोने झाले ते मुख्यतः पारशी, गुजराती आणि मारवाडी पेढ्यांत. जमशेटजी जीजीभाई स्वतः पाच वेळा चीनला जाऊन आले. कँटनच्या व्यापारात कापूस होता आणि अफूही होती, आणि दोन्हींतून आलेल्या पैशातला मोठा वाटा त्यांनी दानधर्माला लावला. खानदेशातला अवघड पेशंट ज्या ‘जेजे’ला हलवतात, ते जे. जे. रुग्णालय माझगावच्या जवळच आहे आणि ते याच दानातून उभे राहिले. चिनी वस्ती शोधायला आलेल्याला वाटेत ते लागते, पण कुणी त्याचा संबंध लावत नाही, कारण तिथे ड्रॅगन काढलेला नाही.

बोटी जात होत्या तशा येतही होत्या. येताना त्यांच्यात रेशीम, चहा, चिनी मातीची भांडी आणि चिनी माणसे असत. खलाशी होते, बोटीवरचे सुतार होते, इंजिनखोलीत काम करणारे होते. माझगावला गोदी होती, पी अँड ओ कंपनीच्या बोटी तिथे दुरुस्तीला लागत. बोट दुरुस्तीला लागली की खलाशी मोकळा, आणि मोकळ्या खलाशाला खोली लागते, जेवण लागते, पत्र लिहून देणारा लागतो आणि आजारी पडल्यास मीठभाकर विचारणारा गाववाला लागतो. यातून वस्ती झाली. दुसरी वस्ती कामाठीपुऱ्याजवळ शुक्लाजी स्ट्रीटच्या बाजूला झाली. तिथे अफूच्या अड्ड्यांमुळे नाव झाले ते वेगळ्या अर्थाने, आणि सहकुटुंब गेलेल्या पर्यटकाला तिच्याविषयी एवढे पुरे.

हिंदुस्थानात आलेल्या चिन्यांचे धंदे बरेचसे मुलखावर ठरत. कँटनकडचे लोक सुतारकामात, हाक्का चामड्याच्या आणि बुटांच्या कामात, हूपेकडचे दातांच्या धंद्यात. हूपेच्या दंतवैद्याच्या दुकानात काचेच्या कपाटात दातांच्या कवळ्या मांडलेल्या असत, आणि त्या पाहूनच निम्म्या लोकांची दाढ दुखायची थांबत असावी. शांतुंगकडचे फेरीवाले पाठीवर रेशमाचे गाठोडे घेऊन उत्तर हिंदुस्थानातल्या गावोगाव फिरत. महादेवी वर्मांनी अशाच एकाचे शब्दचित्र लिहिले, आणि मृणाल सेन यांनी त्यावरून १९५९ मध्ये ‘नील आकाशेर नीचे’ हा चित्रपट काढला. उरलेल्यांनी खाणावळी काढल्या, बायकांनी केशकर्तनाची दुकाने आणि ब्यूटी पार्लरे चालवली. मुंबईतल्या बऱ्याच घरंदाज बायकांच्या भुवया एकेकाळी चिनी बायकांच्या हातून आकाराला आल्या.

आता प्रवासाविषयी. देवपूरहून मुंबई गाठण्याचे मार्ग दोन. एक एसटीचा, आग्रा रोडनेच. अफूही याच वाटेने गेली, पण तिची कंबर दुखत नव्हती. दुसरा रेल्वेचा. धुळे हे फाट्यावरचे शेवटचे स्टेशन. १९०० साली झालेला हा फाटा चाळीसगावला मुख्य मार्गाला मिळतो, त्यामुळे धुळ्याच्या माणसाला जगात कुठेही जायचे तरी आधी चाळीसगावला जावे लागते. निघण्यापूर्वी घरात मंजुरी घ्यावी लागते. ‘तठे काय शे?’ हा आबांचा प्रश्न ठरलेला असतो. ‘चायनाटाउन’ हे उत्तर तिथे टिकत नाही. ‘जुनं देऊळ शे’ म्हटले की टिकते, आणि वर बसभाडेही मिळते. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तळलेल्या मिरच्या बांधून दिल्या जातात. चायनीज खायला निघालेल्या माणसाने घरचे जेवण का न्यावे, असा प्रश्न देवपुरात कुणी विचारत नाही. मुंबईत काय मिळेल काय सांगावे.

सीएसएमटीहून हार्बर लाइनची गाडी घेतली की मस्जिद, सँडहर्स्ट रोड आणि मग डॉकयार्ड रोड. स्टेशन उंचावर आहे. फलाटावरून एका बाजूला गोदीच्या क्रेन दिसतात. उतरल्यावर पर्यटक सर्वप्रथम कमान शोधतो. यात त्याची चूक नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनला १९७०पासून हिरव्या कौलांची कमान आहे, लंडनला आहे, मनिलाच्या बिनोंदोला तर आहेच. बिनोंदो १५९४ सालचे आणि जगातले सर्वांत जुने चायनाटाउन मानले जाते. कमान असली की इथपर्यंत आपण आणि इथून पुढे ते, असा हिशेब राहतो, फोटोलाही सोय होते. माझगावच्या चिन्यांनी कमान बांधली नाही. रस्त्यावर कमान असते, पण ती कुणातरी स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाची असते आणि तिच्यावरची माणसे निःसंशय मराठी असतात.

कमान नसल्याने पत्ता विचारावा लागतो. ‘चायनीज वस्ती कुठे?’ असे विचारल्यास बहुतेक वेळा पुढच्या नाक्यावर गाडी लागते, पण आता बंद असेल, असे आपुलकीचे उत्तर मिळते. ‘चायना मंदिर’ म्हटल्यास जुना रहिवासी हात वर करून दाखवतो. दोन्ही उत्तरे खरी आहेत. नवख्याने दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी.

शोधता शोधता जे माझगाव पाहून होते तेही काही कमी नाही. मुंबईच्या सात बेटांपैकी हे एक. इथला आंबा वर्षातून दोनदा फळे आणि तो दिल्लीच्या बादशहापर्यंत जाई, अशी ख्याती आहे. आता झाड नाही, बादशहाही नाही. माथारपाखाडीत ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची लाकडी जिन्यांची, सज्जांची घरे आहेत. लोकमान्यांचे सहकारी काका बाप्टिस्टा इथलेच. टेकडीवरच्या बागेला त्यांचे नाव आहे. हसनाबादेत पहिल्या आगाखानांची संगमरवरी कबर आहे. म्हणजे चिनी लोक येऊन राहिले तेव्हा शेजार आधीच इतका मिसळलेला होता की आणखी एका देवाने कुणाच्या भुवया उंचावल्या नसाव्यात.

देवळाचे नाव सी यूप कून. १९१९ साली ते बांधले ते कँटन प्रांतातल्या चार शेजारी तालुक्यांच्या लोकांनी, आणि कून म्हणजे त्यांचे मंडळ. परगावी गेलेल्या माणसांनी आपल्या तालुक्याच्या नावाने मंडळ काढावे, वर्गणी जमवावी आणि जागा घेऊन टाकावी, यात खानदेशी माणसाला काहीच परके वाटत नाही. पुण्यानाशकात त्याने तेच केले आहे. फरक एवढाच की चार तालुक्यांचे मंडळ शंभर वर्षांनंतरही एकच आहे, त्याची दोन झालेली नाहीत. खलाशांना उतरायला जागा, एकमेकांची विचारपूस आणि देवदर्शन अशी तिन्ही कामे या घराने केली. बाहेरून ते घरच वाटते. तांबडा रंग आणि चिनी अक्षरे हीच खूण. वरच्या मजल्यावर जिना चढून गेले की देव.

देव म्हणजे क्वान कुंग. हा मूळचा माणूस, क्वान यू नावाचा सेनापती, इसवी सन २२०च्या सुमारास मारला गेला. चेहरा तांबडाबुंद, दाढी छातीपर्यंत, हातात लांब दांड्याचे पाते. दगडाला शेंदूर फासलेला पाहत वाढलेल्या देवपूरच्या पर्यटकाला तांबड्या चेहऱ्याच्या सशस्त्र देवाची ओळख करून द्यावी लागत नाही. तो जिन्यातच चपला काढतो आणि देव दिसताच कानाच्या पाळ्यांना हात लावतो. क्वान कुंगची कीर्ती निष्ठेसाठी आहे. शत्रूने कैद करून सोने, रेशीम, पदवी सगळे देऊ केले, तरी हा ते मागे ठेवून आपल्या भावाकडे निघून गेला. भाऊ सख्खा नव्हता, शपथ घेऊन मानलेला होता. शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी ज्यांची कोर्टात तारीख पडलेली आहे, त्यांनी हा तपशील नजरेआड करू नये. शब्दाचा पक्का म्हणून व्यापारी त्याला पुजतात. हाँगकाँगमध्ये पोलीस ठाण्यांत त्याचे देव्हारे आहेत, आणि गुंडांच्या टोळ्याही त्याच्याच पाया पडतात. एकाच देवाला फिर्यादी, आरोपी आणि तपास अधिकारी अशा तिघांनी नवस बोलल्यावर देवाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना आपल्याकडच्या पाठकांना आहे. खालच्या बाजूला क्वान यिन ही करुणेची देवता आहे. तिच्याकडे गर्दी कमी आणि मागणी जास्त.

या देवळात पर्यटकाचा सर्वाधिक वेळ जातो तो काड्यांत. बांबूच्या नळकांड्यात आकडे घातलेल्या बारीक पट्ट्या असतात. मनात प्रश्न धरून नळकांडे हलवत राहायचे, एकच काडी निसटून खाली पडेपर्यंत. मग तिच्या आकड्यापुढे लिहिलेले भाकीत वाचून घ्यायचे. कोकणातल्या देवळांत कौल लावतात तो हाच व्यवहार; तिथे फूल किंवा तांदूळ उजवीकडे पडतो की डावीकडे एवढेच पाहायचे असते, म्हणजे उत्तर हो किंवा नाही. चिनी पद्धतीत आकड्यांमुळे उत्तराला पैलू पडतात आणि संदिग्धता वाढते. ज्योतिषाच्या दृष्टीने ही प्रगतीच म्हटली पाहिजे. देवपुरात पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा वर्ग मोठा असल्याने प्रश्नांची टंचाई पडत नाही. तथापि देवाला फक्त आपल्या निकालाविषयी विचारावे, निकालाच्या तारखेविषयी विचारू नये. दोन काड्या एकदम पडल्या तर पुन्हा हलवायचे, आणि पर्यटकाच्या हातून पहिल्या खेपेला साऱ्याच पडतात.

प्रसादाविषयी गैरसमज होतो. नारळ नेल्यास तो फोडायला दगड सापडत नाही. उदबत्ती चालते, संत्री चालतात, चहाचे छोटे पेले देवापुढे दिसतात. कागदी नोटा जाळण्याची पद्धत आहे. त्या पितरांना परलोकात खर्चाला मिळतात. या नोटा खोट्या असतात हे पाहून देवपूरचा माणूस आधी हबकतो, मग त्याला त्यातली सोय पटते.

एरवी देवळात शांतता असते. गर्दी पाहायची तर चिनी नववर्षाला जावे. हा दिवस २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान अमावास्येच्या सुमारास येतो, त्यामुळे त्यासाठी वेगळे कॅलेंडर घ्यावे लागत नाही. भिंतीवर टांगलेल्या मराठी कॅलेंडरात पौष अमावास्या पाहिली की बहुतेक वर्षी काम भागते. अधिक महिना चिन्यांनाही आहे, पण त्यांचा आणि आपला नेहमी एकाच वेळी पडत नाही, त्यामुळे काही वर्षी महिन्याभराची चूक होते आणि पर्यटक रिकाम्या देवळात पोचतो. शरदातली त्यांची चंद्राची पौर्णिमा अशीच कधी भाद्रपदात, कधी आश्विनात. २०२५ साली ती नेमकी कोजागरीला आली, ६ ऑक्टोबरला. त्या रात्री एकाच चंद्राखाली आपण आटीव दूध प्यालो आणि त्यांनी सारण भरलेले गोड केक खाल्ले. नववर्षाला मात्र मुंबईभर आणि बाहेर विखुरलेली कुटुंबे येतात, लाल पाकिटे वाटली जातात, आणि एकमेकांची विचारपूस अस्सल मुंबई हिंदीत चालते. चिनी भाषेचा सराव करून गेलेल्या पर्यटकाची इथे पंचाईत होते.

आता खाण्याकडे वळण्यास हरकत नाही. मुंबईतले जुने चिनी खाणे माझगावला नव्हे, तर चर्चगेट-कुलाब्याच्या बाजूला मिळे: चर्चगेटला कामलिंग, कुलाब्याला नानकिंग आणि त्याच घराण्याचे लिंग्ज पॅव्हिलियन. पण देवपूरच्या गाडीचा वंशवृक्ष या घराण्यांपर्यंत जात नाही. तो १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात थांबतो. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग तिथे स्वयंपाक पाहत होते. कुणीतरी नेहमीपेक्षा वेगळे काही मागितले. वाँग यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची परतली. इथपर्यंत कुठल्याही मराठी घरात घडते तेच घडले. पुढे गरम मसाल्याऐवजी सोया सॉस पडला, कॉर्नफ्लोअर लागले, तळलेली कोंबडी त्यात उतरली आणि तिला मंचुरियन हे नाव मिळाले. मंचुरियातल्या लोकांना याची कल्पना नव्हती. कोंबडीच्या जागी कोबी आला तेव्हा हा पदार्थ गुजराती-मारवाडी मंडळींसाठी खुला झाला, आणि आले-लसूणही निघाले तेव्हा जैन मंचुरियन जन्मले. त्यात मूळचे काय उरले, तर आकार.

शेजवानची कथा याहून चमत्कारिक. सेचुआन हा चीनचा तिखट प्रांत. तिथल्या स्वयंपाकाची खूण म्हणजे जीभ बधिर करणारे एक बारीक फळ. आपल्या कोकणात माशाच्या कालवणात घालतात त्या तिरफळाचे ते जवळचे भावंड आहे. भारतीय शेजवान चटणीत ते नसते. तिच्यात सुक्या लाल मिरच्या, लसूण, व्हिनेगर आणि साखर असते. शिवाय मिरची ना चीनची, ना आपली. ती अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात आली आणि दोन्हीकडे आजीच्या आजीपासून असल्यासारखी वागू लागली. देवपूरपासून सेचुआन बरेच लांब आहे आणि नंदुरबारचा मिरचीबाजार हाकेच्या अंतरावर. अशा परिस्थितीत चटणीचा रंग कुठून येत असेल यावर संशोधन करण्याची गरज नाही. तरीही खानदेशी गिऱ्हाईक पहिल्या घासाला ‘जरा फिकं शे’ म्हणून कच्ची मिरची मागतेच.

माझगावच्या वस्तीत इतके कमी चिनी का, याचे उत्तर मात्र गमतीचे नाही. २० ऑक्टोबर १९६२ला चीनने हल्ला केला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याची भाषा झाली, आणि देशभरातल्या चिनी वंशाच्या लोकांकडे पोलिसांची नजर वळली. आसाम, उत्तर बंगाल या भागांतून सुमारे तीन हजार माणसे, म्हाताऱ्यांपासून तान्ह्या पोरांपर्यंत, आगगाडीने राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवली. त्यांच्यातले बरेच जण इथेच जन्मलेले होते. काहींची सुटका व्हायला चार-पाच वर्षे लागली. मुंबईसारख्या शहरांत राहिलेल्यांना पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागे, गाव सोडायचे तर परवानगी लागे. दुकानांत गिऱ्हाईक येईना. दोन पिढ्या इथे दात बसवलेला, बूट शिवलेला माणूस एका महिन्यात शत्रू ठरला. मग जमेल तसे लोक कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला, हाँगकाँगला निघून गेले. टोरांटोत आज देवळीच्या छावणीतून सुटलेल्यांची संघटना आहे आणि ते भारत सरकारकडे दिलगिरी मागत आहेत. ती अजून मिळालेली नाही. आणि ज्या काळात चिनी माणूस नाहीसा होत होता, त्यानंतरच्या वीस-तीस वर्षांत चायनीज गाडी तालुक्यातालुक्यांत पोचली, हा योगायोग इतिहासाने बिनदिक्कत घडवून आणला आहे. जे इथे मेले त्यांच्यासाठी अँटॉप हिलला चिनी दफनभूमी आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नातेवाईक येऊन थडगी साफ करतात, खाणे ठेवतात, उदबत्त्या लावतात. तिथे पर्यटकाने जाऊ नये.

उलट दिशेने, म्हणजे चिनी माणसाने येऊन महाराष्ट्र पाहण्याची परंपरा बरीच जुनी आहे. ह्युएन त्संग सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यात आला. इथले लोक उंच, साधे, उपकार न विसरणारे आणि अपमान तर मुळीच न विसरणारे आहेत, सूड घ्यायच्या आधी शत्रूला कळवतात, हरलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बायकी कपडे पाठवतात, आणि लढाईपूर्वी हत्तींना दारू पाजतात, असे त्याने नोंदवले. पूर्वेच्या डोंगरातल्या एका लेण्याचे त्याने वर्णन केले आहे, दाराशी दगडी हत्ती असलेल्या. अभ्यासक ते अजिंठ्याचे मानतात, म्हणजे जळगावहून साठेक किलोमीटर. खानदेशच्या उंबऱ्यापर्यंत आलेला हा पहिला चिनी प्रवासी. त्याच्या नोंदींत जेवणाविषयी तक्रार नाही.

ज्यांना महाराष्ट्रातल्या चिनी खुणा आणखी पाहायच्या असतील त्यांना महाबळेश्वर आहे. १८३०च्या दशकात सिंगापूर-पिनांगकडचे चिनी आणि मलायी कैदी तिथल्या तुरुंगात आणून ठेवले. त्यांनी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणल्या. १८६४ मध्ये तुरुंग मोडला, भाजी राहिली. तिथल्या एका धबधब्याला अजून चायनामन हे नाव आहे. उन्हाळ्यात देवपूरची मंडळी या धबधब्यापुढे उभी राहून फोटो काढतात आणि मक्याचे कणीस खायला निघून जातात.

एवढ्यानेही ज्याचे समाधान होत नाही आणि ज्याला रस्त्यावर बसून चिनी माणसाच्या हातचेच खायचे आहे, त्याने कोलकात्याला जावे. टिरेट्टा बाजारात पोद्दार कोर्टाजवळ पहाटे टोपल्या मांडल्या जातात: वाफाळलेले पाव, मोमो, मासळीच्या गोळ्यांचे सूप. माझगावच्याच चार तालुकेवाल्यांचे १९०५ सालचे देऊळ तिथे आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला टांग्रा इथे, जिथे हाक्कांच्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांनंतर हॉटेले आली, एक कालीचे देऊळ आहे आणि तिथे देवीला नूडल्सचा नैवेद्य दाखवतात. देवपूरच्या पर्यटकाला इतके दिवस अभिप्रेत असलेली चिनी वस्ती ती हीच. टिरेट्टातली न्याहारी सकाळी सहाच्या आसपास सुरू होते आणि आठ-साडेआठपर्यंत टोपल्या रिकाम्या होऊन त्या रस्त्यावर नेहमीची वर्दळ सुरू होते, तेव्हा आदल्या दिवशी पोचावे. रविवार चांगला. पदार्थांत डुकराचे मांस बरेच असते. न खाणाऱ्याने घेण्याआधी विचारावे. जायला भुसावळहून हावड्याची गाडी आहे. परतीचे तिकीट आधीच काढून ठेवावे, त्या गाडीचे वेटिंग सुटत नाही.